संकटात देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय? (नवीन विश्वासी भावंडांसाठी)

जय ख्रिस्त. मागच्या महिन्यात उपासना संपल्यावर आमच्या मंडळीत नव्यानेच यायला लागलेली एक मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, ताई, सगळेजण मला सांगतात देवावर भरवसा ठेव, भरवसा ठेव, पण ठेवायचा म्हणजे मी सकाळी उठल्यावर करू काय ते कोणीच सांगत नाही. तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडलीये, घराचा हप्ता थकलाय, आणि माहेरचे म्हणतायत की देव बदललास म्हणून हे भोगतेयस. त्या दिवशी जेवढं सुचलं तेवढं मी तिला सांगितलं पण घरी आल्यावर वाटलं की हे नीट लिहून काढायला पाहिजे, कारण तिच्यासारखे बरेच असतील ज्यांना विचारायची पण लाज वाटत असेल.

मी पाळक नाही, बायबल कॉलेजपण केलेलं नाही. नगरची आहे, घरात तिसऱ्या पिढीपासून ख्रिस्ती आहोत, आणि माझ्या मिस्टरांचं डायलिसिस साडेचार वर्षं चाललं त्या काळात मला जे शिकावं लागलं तेवढंच लिहितेय. लहानपणापासून संडे स्कूलला जात होते, वचनं पाठ होती, तरी पहिल्यांदा डॉक्टर म्हणाले की दोन्ही किडन्या गेल्यात तेव्हा मलापण त्या मुलीसारखंच वाटलं, की आता करू काय.

पहिली पायरी: "का" याचं उत्तर शोधायचं थोडे दिवस थांबवा

संकट आलं की पहिल्या आठवड्यातच चार जण चार कारणं सांगतात. कोणी म्हणतं पाप झालं असेल, कोणी म्हणतं विश्वास कमी पडला, कोणी म्हणतं देव परीक्षा घेतोय. यातलं एकही लगेच मनाला लावून घेऊ नका. योहानाच्या ९ व्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बघून येशूला हेच विचारतात की पाप कोणाचं, याचं की आईबापाचं, आणि येशू सरळ सांगतो की याचंही नाही, आईबापाचंही नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली त्याबद्दलही येशूने विचारलंय की ते बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का, आणि उत्तरही स्वतःच दिलंय, की नाही. ही दोन ठिकाणं वहीत लिहून ठेवा, तुम्हाला कोणीतरी दोष देणार तेव्हा लागतील.

ईयोबाच्या पुस्तकात त्याचं सगळं गेल्यावर त्याचे तिघे मित्र येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. माझ्या मते त्यांनी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट ती हीच, बिघडलं ते बोलायला लागल्यावर. तुमच्याकडे भेटायला येणाऱ्यांत असा नुसता बसणारा कोणी असेल तर त्याला परत बोलवा.

दुसरी पायरी: तक्रार देवाकडेच करा, आणि खरी करा

नवीन लोकांना वाटतं की प्रार्थना म्हणजे आधी स्तुती, मग आभार, मग मागणं, आणि रडगाणं नको कारण ते अविश्वासाचं लक्षण. असं अजिबात नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत त्यातली कितीतरी विलापाची आहेत. स्तोत्र १३ फक्त सहा ओव्यांचं आहे आणि त्याची सुरुवातच अशी की देवा तू मला कुठवर विसरणार आहेस. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटच्या ओवीतसुद्धा उजेड येत नाही, आणि तरीपण ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलेलं नाही. आणि आपल्या प्रभूने वधस्तंभावर जी आरोळी मारली ती स्तोत्र २२ ची पहिलीच ओवी आहे, माझ्या देवा तू माझा त्याग का केलास. त्याला ती चालली तर तुम्हालाही चालेल.

कसं करायचं ते सांगते. दार लावून बसा, स्तोत्र १३ मोठ्याने वाचा, मग तसंच स्वतःचं बोला. आधी त्याला हाक मारा, बाप म्हणा, प्रभू म्हणा, जे तोंडात येईल ते. मग काय झालंय ते नाव घेऊन सांगा, "आमच्या अडचणी तुला ठाऊक आहेत" असं गोल नको, "हप्ता २ महिने भरलेला नाही आणि काल बँकेतून माणूस आला होता" असं. मग काय पाहिजे ते मागा. स्तोत्र १३ शेवटी भरवशाच्या शब्दांवर येतं, तुम्हाला तिथपर्यंत येता आलं तर या, नाही आलं तर त्या दिवशी स्तोत्र ८८ सारखं तिथेच थांबा आणि उद्या परत बसा. शब्दच फुटत नसतील तर रोम ८ मध्ये लिहिलंय की आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो, शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने. मी कित्येक रात्री हॉस्पिटलच्या जिन्यात बसून नुसतं "प्रभू, प्रभू" एवढंच म्हटलंय.

तिसरी पायरी: काळजी करायची की घ्यायची, ते वेगळं करा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून जरा जास्त लिहिते. १ पेत्र ५:७ सगळ्यांना पाठ असतं, आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका "कारण तो तुमची काळजी घेतो". आता आपल्या मराठीत काळजी हा शब्द कसा आहे बघा, आपण काळजी करतोपण आणि काळजी घेतोपण. काळजी करणं म्हणजे रात्री तीन वाजता छताकडे बघत पडणं, आणि काळजी घेणं म्हणजे उठून पेशंटला पाणी मोजून देणं, कारण डायलिसिसवाल्याला दिवसभरात पाणी किती प्यायचं तेपण ठरलेलं असतं. शब्द एकच पण कामं दोन. वचनात देवाकडे घेण्याचं काम आहे. आपण मात्र करण्याचं काम सोडत नाही आणि त्याच्या नादात घेण्याचं पण राहून जातं.

माझ्या सासूबाईंनी मला एक पद्धत शिकवली. साधी शंभर पानी वही घ्या, पानाच्या मध्ये रेघ मारा. डावीकडे लिहा आज माझ्या हातात काय आहे, उजवीकडे लिहा जे माझ्या हातात नाही. माझं एक पान अजून आहे, डावीकडे लिहिलंय: योजनेचे कागद झेरॉक्स करणे, रेशन कार्डवर नाव दुरुस्तीची चौकशी, मुलाच्या क्लासच्या सरांशी फी बद्दल बोलणे, डाळीचं पाणी न देणे. उजवीकडे: क्रिएटिनिन (किडनीच्या रक्ततपासणीतला आकडा), हात सुजलाय तो फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी हातात जोडलेली नस) चालेल का, ह्यांची नोकरी राहील का, मुलगा गप्प गप्प आहे. डावी बाजू म्हणजे दिवसभराचं काम, ती करायची. उजवी बाजू एकेक ओळ वाचून मोठ्याने म्हणायची, प्रभू हे तू घे. आणि वही बंद करायची, खरंच बंद करून कपाटात ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उजवी बाजू सगळी परत छातीवर येऊन बसलेली असते. त्याला घाबरू नका, तुमचा विश्वास खोटा होता असं नाही, परत टाका. मी एकच ओळ, "मुलगा गप्प गप्प आहे", जवळजवळ ४ महिने रोज लिहिली. आणि कधी कधी उजवीकडची गोष्ट डावीकडे येते हेपण लक्षात ठेवा. एक दिवस ती ओळ वाचता वाचता मला सुचलं की अगं तू त्याच्याशी बोललीसच कुठे, आणि मी त्याला घेऊन वडापाव खायला गेले आणि तिथे गाडीवर उभं राहून तो पहिल्यांदा रडला.

चौथी पायरी: आजच्या भाकरीपुरतं बघा

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" असं आहे, महिन्याचं रेशन दे असं नाही. निर्गम १६ मध्ये रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न, मान्ना, पडायचा तोपण रोजच्या रोज गोळा करायचा, साठवून ठेवला त्याला किडे पडले, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट मिळायचा आणि तो टिकायचा. मला आधी ही गोष्ट लहान मुलांच्या क्लासची वाटायची पण मिस्टरांचा पगार बंद झाल्यावर कळलं की पुढच्या मार्चची फी आज ऑक्टोबरमध्ये डोक्यात भरण्याची ताकद देव आज देत नाही, मार्चची ताकद मार्चमध्येच येते. यात बजेट करू नका असं मी म्हणत नाहीये, बजेट डाव्या बाजूला येतं, ते बसून करा, बँकेशी बोला, हप्ता पुढे ढकलता येतो का विचारा, लपवू नका.

वाचनाचंही तसंच. संकटात असताना उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत वर्षात बायबल पूर्ण करायचा प्लॅन सुरू करू नका, दहाव्या दिवशी मागे पडाल आणि त्याचीच बोच लागेल. रोज एक स्तोत्र पुरे. स्तोत्र २३ पासून सुरू करा आणि हळू वाचा. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" इथपासून पहिल्या तीन ओव्यांत तो तो असं बोलणं आहे, तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो, आणि चौथ्या ओवीत मृत्युच्छायेची दरी आली की एकदम "तू" सुरू होतं, तू माझ्याबरोबर आहेस. दरीत शिरल्यावर तो माणूस देवाबद्दल बोलायचं सोडून देवाशी बोलायला लागतो. आमच्याकडे दिवाळीनंतर धनगरांचे कळप घाट उतरून कोकणाकडे जाताना दिसतात आणि पावसाच्या आधी परत येतात, ते बघितलं की मला हे स्तोत्र नेहमी आठवतं, कारण मेंढरांना घाट म्हणजे रस्ता चुकला असंच वाटत असणार, पण चारा पलीकडे आहे आणि वाट तीच आहे.

पाचवी पायरी: शरीराला विसरू नका, औषध सोडू नका

१ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा इतका थकतो की झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. एवढ्या मोठ्या संदेष्ट्याला देवाने काय दिलं? उपदेश दिला नाही. झोपू दिलं, मग देवदूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. बोलणं झालं ते पुढे ४० दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर. म्हणून तुम्ही दोन दिवस जेवला नसाल आणि प्रार्थनेत मन लागत नाही म्हणून रडत असाल तर आधी जेवा. पेशंटबरोबर राहणाऱ्याने डबा खाल्लाच पाहिजे, मी नाही खायचे आणि एकदा वॉर्डाच्या बाहेरच चक्कर येऊन पडले.

आणि हे नीट वाचा. आमच्या घरी एकदा बाहेरगावचे एक प्रचारक आले होते, त्यांनी प्रार्थना केली आणि म्हणाले आता डायलिसिसला जाऊ नका, गेलात तर विश्वास नाही असं होईल. आमचे हे हळवे होते, ते थांबायला तयार झाले. आमच्या पाळकसाहेबांना मी रात्री फोन केला आणि ते मोटरसायकलवर लगेच आले, ह्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला आणि लूक स्वतः वैद्य होता, उद्या सकाळी मी तुमच्याबरोबर येतो डायलिसिसला. आले पण. म्हणून सांगते, प्रार्थना जरूर करा, आजाऱ्यावर तेल लावून प्रार्थना याकोबाच्या पत्रात आहे, पण गोळ्या, इन्सुलिन, डायलिसिस, केमो कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, आणि प्रार्थनेचे पैसे मागणाऱ्याला घरात घेऊ नका.

मन फारच खचलं असेल, जगावंसं वाटत नसेल, तर तेही आजारपणच समजा आणि कोणालातरी त्याच दिवशी सांगा. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिससकट बरेच उपचार बसतात, योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेले असतात त्यांना भेटा, आणि महाराष्ट्रातल्या धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, ते विचारायला लाजू नका. मी या रांगेत उभी राहिले तेव्हा मला वाटलं होतं की देवाची काळजी म्हणजे काहीतरी आभाळातून येईल, आणि ती आली आरोग्यमित्राच्या टेबलावरून, एका मुलाने माझा फॉर्म तीन वेळा भरून दिला.

सहावी पायरी: मंडळीला सांगा, आणि नेमकं सांगा

मार्क २ मध्ये एका पक्षाघाती माणसाला चौघे उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात, आणि तिथे लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा! खाटेवरच्याबद्दल तिथे वेगळं काही म्हटलेलं नाही. तुमच्याकडे आज विश्वास नसेल तर चार जणांचा उसना घ्या, चालतो.

पण मंडळीला कळणार कसं? आपण रविवारी साडी नेसून, कपडे इस्त्री करून जातो, कसे आहात विचारलं की प्रभूची कृपा म्हणतो आणि घरी येतो. सगळ्यांना नका सांगू, एक किंवा दोन जण निवडा, जे ऐकलेलं बाहेर बोलत नाहीत आणि आधी स्वतः कशातून तरी गेलेत. आणि "प्रार्थनेत आठवण ठेवा" एवढंच म्हणू नका, नेमकं मागा: मंगळवारी डायलिसिसला माझ्याऐवजी चार तास कोणी बसेल का, शनिवारी मुलाला क्लासवरून कोणी आणेल का. माझ्या अनुभवात लोक मदत करायला तयार असतात पण काय करावं ते त्यांना सुचत नाही म्हणून लांब राहतात. मी पहिल्यांदा महिला मंडळात तोंड उघडून मागितलं तेव्हा हात थरथरत होते, आणि पुढची दोन वर्षं मंगळवारचा डबा माझ्या घरी शिजला नाही.

माहेरचे किंवा सासरचे अजून प्रभूकडे आलेले नसतील आणि तुम्हालाच दोष देत असतील तर वाद घालू नका, तुटू पण नका. त्यांच्या सणावाराच्या दिवशी फोन करा, आजारपणात जा. लक्ष्मीबाई टिळकांचं बघा, १८९५ मध्ये त्यांचे मिस्टर, कवी ना. वा. टिळक, यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या कितीतरी वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि स्वतः विश्वासात आल्या त्या १९०० मध्ये. घरच्यांना वेळ लागतो.

सातवी पायरी: आठवणीचे दगड लावा

१ शमुवेल ७ मध्ये शमुवेल एक दगड उभा करून त्याला एबन-एजर नाव देतो, की इथवर परमेश्वराने साहाय्य केलं. आमच्या नगरला ख्रिस्ती वस्त्यांमध्ये फिरलात तर घरांवर एबेनेझर नाव सापडेल, ते यावरूनच. त्याच वहीत मागच्या पानापासून उलटं लिहित या, तारीख टाकून, जे जे झालं ते. मोठं काही नको. "आज सुई पहिल्याच वेळी लागली." "मावसभावाने न मागता ५००० दिले." "झोप लागली." वाईट दिवशी पुढची पानं वाचवत नाहीत तेव्हा मागून वाचा.

आणि जे मागितलं ते मिळालं नाही तर

हे लिहिल्याशिवाय बाकीचं सगळं खोटं होईल. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, तो निघाला नाही, कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं आणि तो टळला नाही.

मिस्टर गेल्यानंतरच्या वर्षी महिला मंडळाची ट्रिप केडगावला गेली, नगरचं केडगाव नाही, दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती आणि मुलगी वर्षाचीपण नव्हती. त्या विश्वासात आल्या त्यानंतर, बाप्तिस्मा १८८३ चा. आणि १८९६-९७ ला परत दुष्काळ पडला तेव्हा हीच बाई, जिचे आईबाप भुकेने गेले होते, उठून दुष्काळी भागात गेली आणि शेकडो मुलींना घेऊन आली. पण मला तिथे उभं राहून जे लागलं ते वेगळंच. ती एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्यावर सगळं काम सोपवायचं होतं, ती १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा मूळ भाषांवरून मराठीत बायबल आणायचं काम करत होत्या. त्यांनी ते काम सोडलं नाही, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मुलीसाठी प्रार्थना त्यांनी केली नसेल का? मी तिथे कोणाला काही विचारलं नाही, विहिरीजवळ बराच वेळ बसले.

तुमचं माणूस गेलं असेल तर वरच्या पायऱ्या आत्ता सोडून द्या. दोनच गोष्टी करा, जेवा आणि रविवारी मंडळीत जाऊन बसा. गायला येणार नाही, आमेन म्हणायला येणार नाही, काही हरकत नाही. मला सहा महिने गाता आलं नाही. आमच्याकडे टिळकांची गीतं जास्त गातात, ह्यांना ती फार आवडायची, पहिली ओळ सुरू झाली की माझा गळा बंद व्हायचा. मी नुसतं उपासना संगीत, आमचं गीतांचं पुस्तक, उघडून मांडीवर धरायचे, आणि शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजी, ज्यांना स्वतःला नीट दिसत नव्हतं, त्या गीत क्रमांक ऐकून हात लांबवून माझं पान लावून द्यायच्या.